आवाजाची जागा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असे काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही म्हणालो, "फुटबॉलच्या सामन्यात आपल्या संघासाठी ओरडणाऱ्या प्रेक्षकांनी कोठे बसावे, यावर बोलावे म्हणतो." चिटणीस क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "म्हणजे विनोदी व्याख्यान का?" विनोदी नव्हे, हे आपणांस थोड्या वेळात पटेल अशी आशा आहे.

हा विषय आमच्याकडे आला तो असा. युनियनच्या कचेरीत दुसरी पाळी सुटल्यावर काही तरुण कामगार येऊन बसतात आणि मोबाईलवर इंग्लंडमधले सामने पाहतात. एके रात्री त्यांच्यात वाद जुंपला. एक म्हणाला, "साठ हजार माणसं बसलीत, आणि आवाज बघ, वाचनालयात बसल्यासारखा!" दुसरा म्हणाला, "महाग तिकिटं काढून आलेले लोक ते. ओरडतील कशाला?" तिसरा म्हणाला, "ओरडणारे आहेत रे, पण सगळे पांगलेत." मग तिघेही आमच्याकडे वळले. "अण्णा, तुम्ही सांगा. तुमची हयात घोषणा देण्यात गेली."

फुटबॉल आम्हांस फारसा कळत नाही. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे ध्वनिशास्त्रही कोणी शिकवले नाही. परंतु माणसांचा आवाज केव्हा उठतो आणि केव्हा पडतो, हे मात्र तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांशी उभे राहून शिकलो आहो. एका वेतनकराराच्या वेळची गोष्ट सांगतो. सभा मोठ्या मैदानावर ठेवली होती. सातशे माणसे आली. दिवस उन्हाळ्याचे, जो तो सावली पाहून बसला. कोणी भिंतीकडे, कोणी झाडाखाली, कोणी चहाच्या टपरीशी. आम्ही घोषणा दिली, तिचे उत्तर तीन बाजूंनी तीन वेळा आले आणि एकही धड ऐकू आले नाही. व्यवस्थापनाचा एक माणूस लांब उभा होता, तो हसला. पुढच्या आठवड्यात आम्ही पाळी सुटताना फाटकाजवळच्या पत्र्याच्या छपराखाली दीडशे माणसे खांद्याला खांदा लावून उभी केली. घोषणा तीच. आतल्या कचेरीच्या खिडक्या एकामागून एक उघडू लागल्या. सातशेंना जे साधले नाही ते दीडशेंनी साधले.

याचे शास्त्रीय कारण आम्हांस पुढे पुस्तकांत सापडले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे आवाज अंतराने फार लवकर मरतो. दुसरे असे की, हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. फुटबॉलचे मैदान साधारणतः १०५ मीटर लांब असते. म्हणजे एका टोकाचे गाणे दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उलटून जातो. ऐकणाऱ्याने त्यावर ठेका धरला, तर तो मूळ गाणाऱ्याच्या मागे पडणारच. चार बाजूंना पांगलेली माणसे कितीही मनापासून गायली, तरी एकत्र गाऊ शकत नाहीत. हा निसर्गाचा नियम आहे. माणसांच्या उत्साहाचा त्यात दोष नाही. तेव्हा तो तिसरा पोरगा बरोबर बोलला होता.

तर मग त्यांना एकत्र बसवायचे. पण कोठे?

ज्यांनी मोठे क्रीडागार पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. मैदानाच्या चार बाजूंना प्रेक्षकांचे सज्जे असतात. दोन लांबीच्या बाजूंना, दोन गोलांच्या मागे. लांबीच्या बाजूला मध्यावर बसले की सर्व खेळ सारखा दिसतो, म्हणून ती जागा सर्वांत महाग. गोलामागून पलीकडच्या टोकाचा खेळ नीट दिसत नाही, म्हणून ती जागा परंपरेने स्वस्त. जो केवळ पाहावयास येतो तो मध्यावर बसतो. जो संघाच्या पाठीशी उभे राहावयास येतो, त्याला थोडे कमी दिसले तरी चालते. गोलामागच्या सज्ज्यात आवाज रुजला तो असा, खिशाच्या हिशेबाने.

या सज्ज्यांपैकी सर्वांत नामांकित म्हणजे लिव्हरपूलचा 'कॉप'. त्याच्या नावाशी आपले नाते आहे. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात स्पायन कॉप नावाची टेकडी आहे. १९०० सालच्या जानेवारीत बोअर युद्धात तेथे घनघोर लढाई झाली आणि इंग्रजांची पुष्कळ माणसे पडली. त्यांत लिव्हरपूलच्या आसपासची बरीच होती. १९०६ साली लिव्हरपूलच्या मैदानात गोलामागे मातीचा उंच ढिगारा रचून पायऱ्या केल्या, तेव्हा एका स्थानिक पत्रकाराने त्यास त्या टेकडीचे नाव सुचवले. त्याच टेकडीवरून जखमींना डोल्यांतून वाहून नेणाऱ्यांत गांधीजी होते. त्यांच्या शुश्रूषापथकात अकराशे हिंदी माणसे होती आणि त्यांतली बहुतेक करारबद्ध मजूर होती. आज जगभर दूरचित्रवाणीवर त्या सज्ज्याचे नाव घेतले जाते, तेव्हा आम्हांस ते डोलीवाले मजूर आठवतात.

१९२८ साली त्या ढिगाऱ्यावर छप्पर आले. पंचवीस हजारांहून अधिक माणसे तेथे उभी राहत. गोदीकामगार, खलाशी, कारखान्यांतले लोक. त्यांचे गाणे इतके गाजले की १९६४ साली बीबीसीने त्याचे चित्रण केले. सज्जा अखंड, छप्पर डोक्यावर, माणसे दाटीने उभी आणि तिकीट परवडणारे, या चार गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

परंतु दाटीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. लिव्हरपूलच्या लोकांना गोलामागची जी जागा दिली होती, तिला पुढून व बाजूंनी लोखंडी जाळ्या होत्या. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी मोठे दार उघडले, आणि लोंढा आधीच भरलेल्या मधल्या पिंजऱ्यांत शिरला. पुढच्यांना जाळीमुळे बाहेर पडता येईना. त्या चेंगराचेंगरीपायी ९७ जीव गेले. त्यांतल्या शेवटच्या माणसाचा मृत्यू तब्बल बत्तीस वर्षांनी, २०२१ साली झाला. दारू प्यालेल्या प्रेक्षकांनीच हे ओढवून घेतले, असा प्रचार झाला. मृतांच्या आईबापांनी सत्तावीस वर्षे झुंज दिली, तेव्हा २०१६ साली ज्यूरीने निर्णय दिला की ही माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता.

कारखान्यातील अपघातांची चौकशी आम्ही पुष्कळ वेळा पाहिली आहे. पहिले वाक्य नेहमी एकच असते: कामगाराचा निष्काळजीपणा. म्हणून हिल्सबरोची हकीकत वाचताना आम्हांस ती परक्या देशातली वाटली नाही.

लॉर्ड टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर उभे राहण्याच्या जागा १९९४ पर्यंत बंद झाल्या. ३० एप्रिल १९९४ रोजी कॉपवर माणसे शेवटची उभी राहिली. पुढे तेथे बारा हजारांच्या आसपास खुर्च्या आल्या. मैदाने सुरक्षित झाली, हे निःसंशय चांगले झाले. पण त्याच संधीचा फायदा घेऊन तिकिटांचे दर चढले, मधल्या मजल्यांवर श्रीमंत पाहुण्यांचे कक्ष आले, आणि प्रत्येक माणूस क्रमांकाच्या खुर्चीला बांधला गेला. एक मित्र पूर्वेला, दुसरा पश्चिमेला. आवाज मारण्याचा हेतू कोणाचा असेल असे आम्ही म्हणत नाही. पण तो मेला खरा.

लंडनच्या आर्सेनल संघाने १९९२ साली आपला उत्तरेकडचा जुना सज्जा पाडला. बांधकाम झाकण्यासाठी गोलामागे हजारो प्रेक्षकांचे एक प्रचंड चित्र उभारले. मूळ चित्रात सगळे चेहरे गोरे होते, ते टीकेनंतर दुरुस्त करावे लागले. त्या चित्रासमोरच्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात आर्सेनलने दोन गोलांची आघाडी घालवली आणि नॉर्विचकडून चार विरुद्ध दोन असा पराभव पत्करला. चित्रामुळे हरले असे कोण म्हणेल? पण रंगवलेली माणसे रांगेत कितीही नीट बसवली, तरी ती गात नाहीत.

आता आमचे उत्तर. आवाजाची मंडळी गोलामागे, खालच्या मजल्यावर, मध्यभागी, एका सलग सज्ज्यात आणि छपराखाली असावीत. प्रत्येक शब्दाचे कारण देतो.

गोलामागे अशासाठी की, तेथून आवाज मैदानाच्या लांबीने जातो आणि जो खेळाडू त्या गोलाकडे चाल करून येतो, त्याच्या तोंडासमोर येतो. शिवाय सबंध सज्जाच उभा राहिला म्हणजे कोणी कोणाच्या आड येत नाही. मध्यभागी अशासाठी की, कोपऱ्यात बसवलेल्या गटाला एकाच बाजूस शेजारी असतात. मध्ये बसवलेल्याला दोन्ही बाजूंस. गाणे पसरते ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे. सलग अशासाठी की, मध्ये पाहुण्यांच्या कक्षांचा पट्टा आला की वरचे आणि खालचे एकमेकांना ऐकू येत नाहीत. छपराचे कारण आमच्या पत्र्याने आधीच सांगितले आहे: जो आवाज आकाशात विरून जावयाचा, तो परत खाली येतो.

याचे जिवंत उदाहरण जर्मनीत डॉर्टमुंडला आहे. तेथील दक्षिण सज्ज्यात चोवीस हजारांवर माणसे आजही उभी राहतात, तीही इंग्लंडच्या मानाने पुष्कळ स्वस्त तिकिटांत. लोक त्यास 'पिवळी भिंत' म्हणतात. हे जर्मनीत टिकले याचे एक मोठे कारण तेथील नियम आहे: थोडे अपवाद सोडता, संघाच्या कारभारातील मतांचे बहुमत सभासदांच्या हाती असले पाहिजे. ज्याचे मत मोजावे लागते त्याची जागा सहजासहजी विकली जात नाही. २०१९ साली लंडनच्या टॉटनहॅम संघाने नवे क्रीडागार उघडले, त्यात गोलामागे साडेसतरा हजारांचा एकच सलग सज्जा बांधला; पिवळ्या भिंतीचा धडा त्यांनी गिरवला. २०२२ च्या जानेवारीपासून इंग्लंडनेही काही मैदानांवर उभे राहण्यास पुन्हा परवानगी दिली. मात्र आता प्रत्येक रांगेपुढे कठडा असतो, आणि प्रत्येकाची जागा मोजलेली असते. दाटी हवी, पण पिंजरा नको, हे समजावयास मध्ये बत्तीस वर्षे गेली.

कोणी विचारील की एवढ्या ओरडण्याने होते काय? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रिटिश संशोधकांनी चाळीस पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ झटापटी चित्रफितीवर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. ज्यांना आवाज ऐकू येत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी दोष दिले. थॉमस डोमेन या अर्थशास्त्रज्ञाने २००८ साली जर्मनीतील सामन्यांवरून दाखवले की, जेथे प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याची पट्टी नाही, तेथे पंचांचा यजमानांकडील कल अधिक असतो. म्हणजे दहावीस पावलांच्या अंतराने न्याय हलतो. २०२० साली कोरोनाच्या साथीत रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा अनेक ठिकाणी यजमानांचा नेहमीचा फायदा घटलेला दिसला.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग हा पंचावर दबाव आणण्याचा प्रकार झाला. होय, थोडासा आहे. म्हणूनच आमचे म्हणणे आहे की पाहुण्या संघाच्या लोकांनाही मैदानालगत जागा द्यावी. त्यांना वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात फेकू नये. समोरून उत्तर आले तरच गाण्याला धार येते. वाटाघाटीत समोर कोणी बसलेच नाही, तर आपण एकट्याने टेबलावर मुठी आपटून काय होणार?

आणि आवाजाबरोबर जबाबदारीही येते. १९८८ साली जॉन बार्न्स या लिव्हरपूलच्या कृष्णवर्णी खेळाडूवर प्रेक्षकांतून केळे फेकले गेले. त्याने ते टाचेने बाजूला सारले आणि खेळ चालू ठेवला. गर्दी एकत्र बसली की तिच्यातला पराक्रम वाढतो, तसा तिच्यातला नीचपणाही वाढतो. तो आवरण्याचे काम पोलिसांच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे आहे. आमच्या मोर्च्यात कोणी दगड उचलला, तर त्याचा हात धरावयाचा तो आम्हीच, हा आमचा पहिला नियम असतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न. जी जागा आवाजासाठी उत्तम, तेथे आधीच कोणी बसलेले असते. वीसवीस वर्षे हंगामी तिकीट काढणारा म्हातारा, शेजारी त्याचा नातू. तरुण म्हणतात, "काका, तुम्ही उठा, आम्हांला गायचे आहे." कायद्याने संघ त्यांना दुसरी खुर्ची देऊ शकेल, पण ते न्यायाचे होईल काय? उद्या आम्ही यंत्रावरच्या जुन्या कामगाराला, नव्याचा हात जलद चालतो म्हणून, नोटीस देऊन हलवू काय? आमचे मत असे की, कोणालाही सक्तीने उठवू नये. कोणता भाग आवाजाचा, हे संघाने एक हंगाम आधी जाहीर करावे. ज्यांना बसून पाहायचे आहे त्यांना तितक्याच दरात तितकीच चांगली जागा द्यावी. दरवर्षी ज्या खुर्च्या मोकळ्या होतील त्या गाणाऱ्यांना द्याव्यात, आणि गाणाऱ्यांनीच घरोघर जाऊन जुन्यांना विनंती करावी. वेळ लागेल. पण आमचा अनुभव आहे की, ज्याला विचारले जाते तो पुष्कळदा जागा देतो; ज्याला हुकूम होतो तो कोर्टात जातो. आणि कदाचित तो म्हातारा म्हणेल, "मी हलत नाही, मीही गातो." जुन्या कॉपवर गायलेला असेल, तर पोरांपेक्षा त्याला जास्त चाली पाठ असतील.

शेवटी एक गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या सज्ज्यातील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांना ठेवण्याचे ठरवले. ६ फेब्रुवारीला संडरलंडशी सामना होता. लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होते. ७७ वे मिनिट लागले आणि हजारो माणसे, अंदाजे दहा हजार, उठून चालू लागली. ज्यांनी जन्मभर त्या मैदानाला आवाज दिला, तीच माणसे पाठ फिरवून गेली. उरलेल्या मिनिटांत संडरलंडने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली व माफी मागितली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली. चार वर्षांपूर्वी, २०१२ साली, जर्मनीतील प्रेक्षकांनी मैदानांवरील सुरक्षेच्या नव्या नियमांचा निषेध म्हणून सामन्यांची पहिली बारा मिनिटे बारा सेकंद मुकाट्याने काढली होती. चोवीस हजार माणसांची शांतता कशी वाटते, हे त्या दिवशी जर्मनीला कळले.

आम्ही संप पाहिले आहेत, महिनोन् महिने चाललेले आणि हरलेले. तेरा मिनिटांचा जिंकलेला संप आम्ही प्रथमच वाचला. तो जिंकला, कारण ती माणसे आधीपासून शेजारीशेजारी होती. एकमेकांची नावे त्यांना ठाऊक होती. कोणी उठले की कोण उठेल, हे त्यांना माहीत होते. पांगवलेल्या माणसाला गाता येत नाही, हे आपण पाहिले. त्याला गप्प बसूनही काही साधत नाही, कारण तो गप्प आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून त्या पोरांना आम्ही सांगितले की, प्रश्न खुर्चीचा दिसतो, पण तो शेजाराचा आहे.

येथेही आज पुढच्या चार रांगा रिकाम्या आहेत आणि आपण सर्व मागे, पंख्याखाली, लांब लांब बसला आहात. ओरडण्यावरचे व्याख्यान आपण इतक्या शांतपणे ऐकून घेतले, त्याबद्दल आम्ही आभारी आहो. उद्याच्या वक्त्यासाठी मात्र कृपा करून थोडे पुढे येऊन बसा.